खतं जाळली, स्कोअर कसा जाळणार?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं पेटवली. पुढे १८७९च्या कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला. माझ्या मते खरी कमाई ती.

आजचं खत म्हणजे सिबिल स्कोअर, ३०० ते ९००. तो कमी दिसला की क्रेडिट कार्डाचा अर्ज परत. मग एफडी ठेवा, तिच्यावर कार्ड घ्या. आपल्याच पैशावर आपल्यालाच उधारी! (बिल वेळेवर भरलं तर स्कोअर हळूहळू चढतो, हेही खरं.)

पण राव, आधी रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे.