परतूरची घटका

सूर्योदय होतांच घंगाळांतील पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती बुडाली कीं एक घटका, म्हणजे 24 मिनिटें, सरली. अशा 60 घटकांचें एक अहोरात्र. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग तिथलाच. मात्र वाटीला स्मरण नसतें. किती वेळां बुडाली, हें मोजणारा जोशी डुलकला तर लग्नाचा मुहूर्त हुकलाच!

पुढें परतूरवरून मनमाड–सिकंदराबाद आगगाडी धावूं लागली, आणि गाडी कोणासाठीं थांबते? 1906 मध्यें भारतीय प्रमाणवेळ आली, ती 82.5 अंश रेखांशाची. परतूर 76.2 अंशांवर. म्हणून स्टेशनाच्या घड्याळांत बारा वाजतात, तेव्हां परतूरच्या मध्यान्हाला सरासरी 25 मिनिटें उरलेलीं असतात. एक घटका, किंचित् अधिकच.