जुन्या फटफटीला कोणतें इंजिन?

परभणी, सेलू, जिंतूर या गांवांच्या रस्त्यांवर बुलेट, जावा व राजदूत या फटफटींनीं एका पिढीचा संसार वाहिला. त्यांतील एखादी गाडी वडिलांची आठवण म्हणून जपणारे कांहीं तरुण आज तिला टर्बोचार्जर बसवूं पाहतात. या हौसेला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु कोणतें इंजिन निवडावें, हा प्रश्न बाजारांत विचारण्यापूर्वीं इतिहासाला विचारलेला बरा.

इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराबरोबर पुष्कळ शक्ति वायां जाते. त्या धुरानें एक चक्र फिरवावें, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें अधिक हवा इंजिनांत कोंबावी, ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. १९२५ सालीं डीझेल इंजिनाची शक्ति शेंकडा ४० नें वाढविण्यांत त्याला यश आलें. डीझेल इंजिनांत नुसती हवा दाबली जाते व तेल अखेरीस फवारलें जातें. पेट्रोलच्या इंजिनांत मात्र हवा व इंधन यांचें मिश्रणच दाबलें जातें. दाब वाजवीपेक्षां वाढला कीं तें अवेळीं भडकतें आणि दट्ट्या फुटतो. म्हणून होंडा कंपनीनें १९८२ सालीं ४९७ घन सेंटिमीटरची टर्बो मोटारसायकल विक्रीस आणली, तेव्हां दाबाचें प्रमाण १० वरून ७.२ वर उतरविलें. शक्ति ५० वरून ८२ अश्वशक्तीवर गेली; पण त्या इंजिनाला दोन सिलिंडर होते व तें पाण्यानें थंड होत असे.

आतां आपल्या गाड्या पाहूं. जुनी जावा व राजदूत १७५ या टू-स्ट्रोक. त्यांत धुराचें द्वार शेवटीं मिटतें, त्यामुळें कोंबलेली हवा तेथूनच निसटते. शिवाय त्यांचें वंगण पेट्रोलांतच मिसळलेलें. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याला वाहतें वंगण द्यावें कोठून?

डीझेल बुलेटकडे मन ओढ घेतें. तिचें ग्रीव्हज लोंबार्डिनीचें ३२५ घन सेंटिमीटरचें इंजिन साडेसहा अश्वशक्तीचें. ब्यूखीइतकी वाढ साधली तरी आंकडा ९ च्या पुढें फारसा सरकत नाहीं. पेट्रोलची बुलेट मुळांतच १८ ची!

राहिली ती पेट्रोलची बुलेट. १९५५ पासून मद्रासेस जुळूं लागलेल्या या गाडीचें इंजिन ३४६ घन सेंटिमीटरचें. दाबाचें प्रमाण साडेसहाच्या आसपास, वंगणाचा पंप स्वतःचा, गिअरबॉक्स वेगळी. हे गुण उपयोगी आहेत. परंतु एकच सिलिंडर असल्यानें दोन फेऱ्यांत एकदांच धूर सुटतो व चक्राला हिसके बसतात. हवा सांठविण्यास मध्यें एक कोठी लागते. दाब अगदीं बेताचा ठेवावा, आणि कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग आधीं बळकट करावें.

तथापि खरी निवड याहून वेगळी आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असें वाहन नोंदवितां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला. २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’चा मान दिला, तोहि ती मूळ स्वरूपांत असेल तरच. म्हणजे वडिलांच्या गाडीचें इंजिन कापलें कीं तो मान गेला, आणि ती गाडी जिंतूरच्या रस्त्यावर न्यावयाचीहि सोय उरली नाहीं.

म्हणून प्रयोगासाठीं दुसऱ्या मोडीत निघालेल्या बुलेटचें इंजिन व सांगाडा घ्यावा, आणि तो बंदिस्त मैदानावरच चालवावा. तेथें दट्ट्या फुटला तर नवा मिळेल. ज्या इंजिनाचा क्रमांक वडिलांच्या नांवच्या नोंदपुस्तकांत लिहिलेला आहे, तें मात्र एकदां गेलें कीं गेलें.