बाग कोणाची, सही कोणाची?

 

रोवणा आटोपला. चिखलात वाकून वाकून धरलेली कंबर आता कुठं सुटतेय. धान निसवायला लागेल तोवर थोडी उसंत आहे, म्हणून आज एक लांबची गोष्ट सांगते. गोष्ट द्राक्षाची आहे. तुम्ही म्हणाल, आपल्याकडं धान पिकतं, मोह पिकतो, द्राक्षं आपण बाजारातून पाव किलो आणतो, तीही लेकरं मागं लागली तर. मग त्यांचं इथं काय काम? ऐकून घ्या. ही गोष्ट फिरून आपल्याच बांधीवर येते.

आणखी एक आधीच सांगते. द्राक्षाची वाइन होते आणि वाइन ही दारूच आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि त्यामागं बायांनी केलेली चळवळ आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. मी पिण्याचं कौतुक सांगायला बसलेली नाही. मला सांगायचंय ते बागेत राबणाऱ्या हातांबद्दल.

फ्रान्स देशात शांपेन नावाचा एक मुलूख आहे. तिथं पिढ्यान्पिढ्या एकेका घराण्याच्या द्राक्षबागा आहेत. तिथली थंडी कडक. हिवाळ्यात वेलीची सगळी पानं झडतात, वेल झोपी जाते. वसंतात कोंब फुटतात आणि आपल्याकडं धान निसवतं त्या सुमारास, सप्टेंबरात, तिथं द्राक्षाची तोडणी सुरू होते. तोडणी वर्षातून एकदाच. आठ-पंधरा दिवसांत सगळी बाग उतरवायची. शांपेनमध्ये यंत्रानं तोडायला परवानगी नाही, घड हातानंच कापायचा. त्याचं कारण आहे. तिथं काळ्या द्राक्षापासूनही पांढरी वाइन करतात. रंग सालीत असतो, रसात नसतो. मणी वाटेत फुटला, तर सालीचा रंग रसाला लागतो. म्हणून घड अलगद कापायचा आणि लगेच घाण्यावर न्यायचा. घरची माणसं, शेजारी, बाहेरगावचे मजूर, सगळे त्या दिवसांत बागेत. आपल्या रोवण्यासारखंच समजा. एक दिवस चुकला तर वर्ष चुकलं.

या मुलखात सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक बाई होऊन गेली. तिचं नाव बार्ब निकोल. जन्म १७७७ चा, रेम्स शहरातला. वडील कापडाचे मोठे व्यापारी. १७९८ मध्ये तिचं लग्न क्लिको घराण्यात झालं. या घराण्याचा वाइनचा धंदा तिच्या सासऱ्यांनी १७७२ मध्ये सुरू केला होता. १८०५ मध्ये नवरा वारला. ती तेव्हा २७ वर्षांची, पदरात एक लहान मुलगी. सासरे खचले, धंदा बंद करायच्या विचारात होते. सून म्हणाली, मला चालवू द्या. सासऱ्यांनी पैसा दिला, पण अट घातली की एका जाणत्या माणसाच्या हाताखाली आधी काम शीक. तिनं चार वर्षं काम शिकून घेतलं. १८१० मध्ये ती भागीदारी संपली आणि धंदा तिच्या एकटीच्या हाती आला.

तेव्हा युरोपात लढाया चालू होत्या, बंदरं बंद होती, माल तळघरात पडून राहायचा. १८१४ मध्ये लढाई थांबण्याची चिन्हं दिसताच तिनं बाकीच्या व्यापाऱ्यांच्या आधी आपलं जहाज रशियाच्या दिशेनं पाठवलं. तो माल हातोहात खपला. दुसरी अडचण होती गाळाची. शांपेनची वाइन बाटलीतच फसफसते, त्यामुळं बाटलीत गाळ साचतो आणि वाइन गढूळ दिसते. या बाईनं आणि तिच्या कामगारांनी टेबलाला भोकं पाडली, बाटल्या त्यात मान खाली करून लावल्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवल्या. गाळ सरकत सरकत बुचापाशी आला. बूच उघडलं की गाळ बाहेर, वाइन नितळ. आजही ही रीत चालते. तिच्या कंपनीच्या नावात आजही 'विधवा' असा शब्द आहे. फ्रेंचमध्ये त्याला 'व्हव' म्हणतात. 'व्हव क्लिको', म्हणजे क्लिकोची विधवा. १८६६ मध्ये ती वारली, तोवर तिचं नाव जगभर झालं होतं.

आता यातली मेख ऐका. १८०४ मध्ये फ्रान्सात नेपोलियनचा नवा कायदा आला. त्या कायद्यानं बापाच्या मालमत्तेत मुलाएवढाच वाटा मुलीला दिला. पण लग्न झालं की बाई नवऱ्याच्या हाताखाली. त्याच्या परवानगीशिवाय तिला करार करता येईना, व्यवहार करता येईना. वाटा तिचा, सही त्याची. विधवेवर मात्र हे बंधन नव्हतं. म्हणजे बार्ब निकोलला आपल्या धंद्याच्या कागदावर स्वतः सही करता आली, ती नवरा मेल्यावर. तिच्यामागून शांपेनमध्ये आणखीही बायांनी मोठी घराणी चालवली. त्यांतल्या ज्या गाजल्या त्या बहुतेक विधवाच होत्या. बायांची हुशारी काही नवरा मेल्यावर उगवत नाही. ती आधीपासून होतीच. कायद्यानं तिला वाट दिली ती तेव्हा.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध लागलं. ऐन तोडणीच्या तोंडावर पुरुष लढाईवर गेले. रेम्सवर तोफगोळे पडत होते. त्या वर्षी बागा उतरवल्या त्या बायांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी. एवढं करूनही लग्न झालेल्या फ्रेंच बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायला आणि बँकेत स्वतःचं खातं उघडायला १९६५ साल उजाडावं लागलं. १९६५! तेव्हा आपल्या आया तरण्या होत्या.

आता आपल्या महाराष्ट्रात या. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, हे आपले द्राक्षाचे जिल्हे. आपल्याकडं थंडी तेवढी नाही, वेल झोपत नाही. म्हणून शेतकऱ्यांनी वेगळी रीत बसवली. वेल वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यातून घड येतो. छाटण्या दोन, पीक एक. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल निघतो.

या बागा शेतकऱ्यांनी आपल्या अकलेनं वाढवल्या. सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतून निवडलेली 'तास-ए-गणेश' ही जात राज्यभर पसरली. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या काळात फ्रेंच जाणकारांची मदत घेऊन फसफसती वाइन केली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर बाग लावली आणि २००० मध्ये 'सुला' वाइन बाजारात आणली. हे नाव त्यांनी आईच्या नावावरून ठेवलं, आई सुलभा. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठी धोरण आणलं आणि नाशिक भागात वायनरी वाढल्या.

आईचं नाव बाटलीवर आलं, चांगलंच झालं. पण बागेत कोण असतं? काडी बांधायला, फुटवे काढायला, घडातले जादा मणी कात्रीनं विरळायला, औषधाच्या पाण्यात घड बुडवायला, पेटी भरायला मोठ्या संख्येनं बायाच असतात. पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून टोळ्या येतात, नवरा-बायको जोडीनं उक्तं काम घेतात. घरच्या बागेत घरची सून राबते, तिचा रोज कोणी मांडत नाही. विरळणी हे नजरेचं काम आहे. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, हे त्या बाईला कळतं. त्यावर मालाचा भाव ठरतो. पण बागायतदार म्हटलं की डोळ्यांपुढं फेटा किंवा टोपीच येते.

हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातच मोठ्यानं विचारला गेला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. गावोगावच्या शेतकरी बाया प्रचंड संख्येनं आल्या. त्यानंतर काही वर्षांनी शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. शेतकऱ्याला सरकार लुटतं असं तू म्हणतोस, मग घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं देणं तू कधी फेडलंस, असा त्या मोहिमेचा सवाल होता. ज्या गावात शंभर किंवा जास्त घरांनी बायकोच्या नावावर जमीन केली, ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढं होतं. पुढं १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं की, नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येईल.

आता माझ्या घरचं सांगते. माझ्या आईनं चाळीस वर्षं रोवणा केला. कोणत्या बांधीत पाणी थांबतं, कोणत्या धुऱ्याला खेकड्यांनी भोक पाडलंय, पऱ्हे कधी उपटायचे, हे बाबांना तिला विचारावं लागायचं. बाबा गेले आणि त्याच हंगामात धान विकायची वेळ आली. खरेदी केंद्रावर सातबारा मागितला. सातबारा बाबांच्या नावावर, बँकेचं पासबुक बाबांच्या नावावर. आईच्या नावावर काहीच नाही. वारसनोंद होईपर्यंत थांबायला घरात पैसा नव्हता. धान व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा कमी दरानं द्यावं लागलं. आई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं मी कोणाच्या वावरात गेली होती बाई?" मला आजवर त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

म्हणून काही गोष्टी नीट समजून घेऊ.

पहिली, वारसनोंद. घरातला खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. विधवेचं नाव त्यात आलंच पाहिजे. मुलगा मोठा आहे म्हणून आईचं नाव गळत नाही. फेरफाराची नोटीस लागते तेव्हा वाचून घ्या, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या.

दुसरी, नवरा हयात असताना नाव लावणं. आत्ता सांगितलं ते परिपत्रक त्याचसाठी आहे. तलाठ्याला 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून विचारा. यात भांडण करायचं नाही, नवऱ्याशी बोलायचं आहे. कित्येक पुरुष कधी विचारच केला नाही म्हणून करत नाहीत, मनात वाईट असतं असं नाही.

तिसरी, मुलीचा वाटा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. माहेर तुटेल या भीतीनं आपण हक्कसोडपत्रावर सही करतो. करायची की नाही ते ज्याच्या त्याच्या घरचं. पण कागद वाचल्याशिवाय, दिवाळीच्या जेवणानंतर घाईघाईनं, अशी सही करू नका.

चौथी, जंगलातली जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा असं लिहिलेलंच आहे. ज्यांना पट्टे मिळालेत त्यांनी कागद काढून दोन्ही नावं आहेत का ते पाहावं.

आणि शेवटची गोष्ट फ्रान्सकडून शिकण्यासारखी आहे. तिथं मुलीचं नाव कागदावर दीडशे वर्षं होतं, पण लग्नानंतर व्यवहार तिच्या हाती नव्हता. आपल्याकडंही काही घरांत बाईचं नाव लागतं ते कर्जासाठी किंवा योजनेसाठी. अंगठा तिचा, पैसा दुसऱ्याच्या खिशात. नाव लागलं म्हणजे अर्धं काम झालं. पासबुक कुठं आहे, धानाचे किती क्विंटल गेले, किती पैसे आले, कर्ज किती राहिलं, हे तिला माहीत असलं की उरलेलं अर्धं होतं. बार्ब निकोल सासऱ्यांच्या पैशावर उभी राहिली, पण त्याआधी चार वर्षं तिनं काम आणि हिशेब शिकून घेतला, हे विसरू नका.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन या. ज्यांना वाचता येतं त्या बाकीच्यांना वाचून दाखवतील. कोणाचं नाव कुठं आहे, एवढंच आधी पाहू. धान कापायला अजून वेळ आहे, आणि यंदा कापणीआधी एवढं काम आपण नक्की करू शकतो.

माझी आई आता थकली आहे. पण तिच्या वावराचा सातबारा आता तिच्या नावावर आहे. तिला वाचता येत नाही. तो कागद ती साडीच्या घडीत ठेवते आणि पाहुणी आली की काढून दाखवते.

येते मी. नमस्कार.