ताट, लुगडं आणि शाळा

आम्ही मोर्शीच्या बचत गटातल्या बाया आज शाळेविषयी बोलणार आहोत.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावात, परिटाच्या घरी जन्मले. दारूपायी वडील लवकर गेले. लहानगा डेबू मामाच्या घरी गुरं राखत वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आलीच नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. कीर्तनात ते सांगत, पैसे नसतील तर जेवणाचं ताट विका, बायकोला हलकं लुगडं घ्या, पण पोरांना शिकवा. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा, आश्रमशाळा उभ्या केल्या. घरी काही नेलं नाही.

हे गटात वाचलं तेव्हा एक जण म्हणाली, "ताट घरचं गेलं, पण लुगडं तर बाईचंच गेलं!"

खरंच आहे. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. कर्मवीर सगळ्यांना ठाऊक आहेत. लक्ष्मीबाई किती जणींना ठाऊक आहेत?

बाईनं पोटाला चिमटा घेऊन शाळा जगवली, पण शाळेच्या कारभारात तिला कोणी विचारलं नाही. आता कायदा आपल्या बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया हव्यात. तरी आमच्यातल्याच काही जणी घरी आलेल्या रजिस्टरवर सही करून मोकळ्या होत होत्या. लक्ष्मीबाईंची गोष्ट ऐकल्यावर आम्हाला त्याची लाज वाटली.

संत्रा-कापसाच्या हंगामात कामाला आलेल्या कुटुंबांची लेकरं बांधावर बसलेली दिसतात. जन्माचा दाखला नाही किंवा वर्ष अर्धं झालं, म्हणून शाळा त्यांना परत पाठवू शकत नाही. पण हे समितीत बोलणार कोण?

म्हणून आम्ही ठरवलं आहे, पुढच्या बैठकीला दोघी-दोघींनी जायचं. वर्गणी देऊच, पण खुर्चीवर बसून विचारूसुद्धा. तुमच्या गावात त्या खुर्चीवर कोण बसतं, बायाहो?