कुलाब्यातले क्यूबिट

अतिवाहक क्वांटम प्रोसेसरचा इतिहास म्हणजे बहुतांशी चुका आटोक्यात आणण्याचा इतिहास. 1999 साली जपानच्या एनईसी कंपनीत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म परिपथातून अतिवाहक क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीचे एकक, चालवून दाखवला, तेव्हा त्याची अवस्था सेकंदाचे काही अब्जांश भागच टिकली. आसपासच्या विद्युतभारांची किंचित चलबिचलही ती मोडायला पुरे. 2007 मध्ये येल विद्यापीठात मांडलेल्या ट्रान्समॉन या नव्या घडणीच्या क्यूबिटने हे दुखणे बरेच घालवले. क्यूबिटच्या गाभ्यातल्या जोसेफसन जंक्शनला, म्हणजे दोन अतिवाहकांमधल्या पातळ विसंवाहक सांध्याला, समांतर मोठा कपॅसिटर जोडला की भारांचा गोंधळ क्यूबिटला फारसा जाणवत नाही. दुरुस्ती सारी आराखड्यातली होती. मोबदल्यात ऊर्जापातळ्यांमधली अंतरे जवळपास सारखी झाली, म्हणून सूक्ष्मतरंगांचे संकेत बेताने द्यावे लागतात.

मुंबईत हे काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झाले. 1960 मध्ये टिफ्रॅक संगणक उभारला तो याच संस्थेने. येलमध्ये पीएच.डी. करून बर्कलीला गेलेले आर. विजयराघवन 2012 च्या सुमारास इथे आले. बर्कलीत त्यांनी सहकाऱ्यांसह 2011 मध्ये अतिवाहक क्यूबिटच्या क्वांटम उड्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत अचानक जाणे, घडत असतानाच टिपल्या होत्या. त्यासाठी लागतो तो अत्यंत कमी गोंगाटाचा प्रवर्धक, कारण उत्तर वाचताना झालेली चूक हीसुद्धा चूकच. कुलाब्यात 2015 मध्ये अशा प्रवर्धकाची प्रतिबाधा (इम्पीडन्स) नव्याने आखून त्याचा वारंवारतेचा पट्टा बराच रुंद केला गेला.

पुढचा प्रश्न जोडणीचा. बहुतेक चिपांवर क्यूबिट फक्त शेजाऱ्याशी बोलतो. लांबच्याशी संबंध हवा असेल तर मधल्या क्यूबिटांमधून अवस्थांची अदलाबदल करत जावे लागते, आणि एका अदलाबदलीला साधारणपणे तीन द्विक्यूबिट गेट, म्हणजे दोन क्यूबिटांवरच्या मूलभूत क्रिया, खर्ची पडतात. उत्तनहून कुलाब्याला निघालेल्या माणसाला भाईंदरपर्यंत बस, चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढे पुन्हा बस करावी लागते, तसाच हा प्रकार; जितक्या बदल्या, तितके खोळंबे. गेट अधिक अचूक करणे हा एक उपाय. गेटच कमी लागतील अशी रचना करणे हा दुसरा. कुलाब्याच्या कामाचे वेगळेपण या दुसऱ्या वाटेत आहे.

2017 मधल्या ट्रायमॉनमध्ये चार जंक्शनांच्या एकाच वेटोळ्यातून तीन क्यूबिट मिळाले, तेही कायम एकमेकांशी जोडलेले. त्यामुळे तीन क्यूबिटांचे गेट तुकड्यांत न मोडता थेट देता आले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली वलयाकृती अनुनादकाची रचना त्याहून धीट. एका वलयाच्या परिघावर समान अंतराने क्यूबिट बसवायचे आणि वलयालाच सामाईक दुवा करायचे. बारा क्यूबिट मावतील अशा या चिपवर प्रत्येक क्यूबिट इतर नऊंशी जोडता येतो आणि चिप घडवण्याची प्रक्रिया मात्र अधिक अवघड होत नाही.

याच वलयरचनेवर आधारलेल्या सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची सर्वांगीण चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. क्यूबिट कुलाब्यात आखले आणि घडवले गेले. नियंत्रणाची व मापनाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेने जुळवली, तर क्लाउडवरून प्रोसेसर चालवण्याची सोय टीसीएसने केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुगलने 105 क्यूबिटांच्या विलो चिपवर त्रुटिसुधारणेची संहिता (कोड) मोठी केली की चुका घटतात हे दाखवले. तिथे एका तार्किक क्यूबिटमागे अनेक भौतिक क्यूबिट राबवावे लागतात. सहा क्यूबिटांत ती चैन परवडत नाही, म्हणून इथे आराखड्यातच गेट वाचवणे भाग आहे.