शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांचा निवारा : वसतिगृह, स्वाधार आणि भाड्याची खोली

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला, राहायचे कुठे?" "मुलगा शिरूरला अकरावी सायन्सला आहे, गावाहून एसटी वेळेवर येत नाही, खोली मिळेल का?" कोर्सची फी, पुस्तके, शिष्यवृत्ती यांची माहिती आता बहुतेकांना असते. अडते ते राहण्या-जेवणाशी. शासनाने 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण फी शून्य झाली तरी खाटेचे भाडे आणि मेसचा डबा शून्य होत नाही. आमच्या वस्त्यांतील मुलींचे शिक्षण अनेकदा याच ठिकाणी थांबते. म्हणून शिरूर आणि दौंड हे दोन तालुके समोर ठेवून या विषयाची माहिती येथे एकत्र देत आहोत.

दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, कमी पावसाच्या पट्ट्यात येतात. शिरूर घोड नदीच्या काठी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. दौंड भीमेच्या काठी असून रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. विद्यार्थ्यांसाठी हा फरक मोठा ठरतो. दौंडचा मुलगा रेल्वेचा पास काढून पुण्याला जाऊन-येऊन शिकू शकतो, आणि अनेक जण तसे करतातही. शिरूरला रेल्वे नाही. तिथल्या मुलाला एसटी नाहीतर खोली, असे दोनच पर्याय उरतात. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, इतर विद्यार्थ्यांना 66 टक्के सवलत आहे. मात्र पास असला म्हणून गाडी येतेच असे नाही. संध्याकाळची गाडी चुकली की घरचे पहिला निर्णय मुलीच्याच कॉलेजबद्दल घेतात.

भाड्याच्या खोल्यांचे गणित दोन्हीकडे औद्योगिक वसाहतींनी बदलले. शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसी, दौंड तालुक्यात कुरकुंभ. कंपन्यांमधील कंत्राटी कामगार चार-सहा जण मिळून एक खोली घेतात आणि बाराही महिने भाडे देतात. विद्यार्थी दहा महिने राहतो, उन्हाळ्यात घरी जातो, शिवाय त्याच्याकडे अनामत नसते. मालकाला कोण परवडते हे सांगायला नको. वर पत्रा, सहा खोल्यांना एक संडास आणि पाण्याची एकच टाकी, अशा खोलीत बारावीचा अभ्यास करायचा असतो.

त्यानंतर येतो आडनावाचा प्रश्न. खोली बघायला गेले की "तुम्ही कोण?" असे विचारले जाते. उत्तर ऐकून "आमच्याकडे फक्त शाकाहारी लोकांना देतो" किंवा "कालच दिली" असे सांगितले जाते. हा केवळ खेड्यातला अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना उघड नकार मिळतो किंवा जाचक अटी घातल्या जातात, हेच दिसले. म्हणून परवडणाऱ्या निवाऱ्याचा विचार करताना भाड्याचा आकडा पाहून भागत नाही. आडनाव न विचारता मिळणारी जागा आहे की नाही, हेही पाहावे लागते.

हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 चे मिस क्लार्क बोर्डिंग होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने 1906 नंतर शाळांबरोबर वसतिगृहेही चालवली. बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे 1925 च्या जानेवारीत सोलापुरात सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह. पुढे 1928 च्या डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीमार्फतही पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे, धारवाड अशा ठिकाणी वसतिगृहे चालली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा वसतिगृहाचा विचार त्यासोबतच होता. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेला मुलगा राहणार कुठे, हे बाबासाहेबांना माहीत होते.

सातारचे कर्मवीर भाऊराव पाटील यांचा प्रयोग आजच्या भाषेत 'शाश्वत' म्हणावा असा होता. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. पुढे त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत, स्वयंपाक करत आणि एका पंक्तीत जेवत. शेतीत आणि बांधकामावर स्वतः राबून खर्चाचा काही भाग उचलत. वसतिगृह स्वस्त राहिले ते मुलांच्या श्रमावर, आणि त्याच श्रमाने जात मोडण्याचे कामही केले. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी 1955 मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समितीही ग्रामीण विद्यार्थ्यांना अल्प खर्चात ठेवून घेते आणि वसतिगृहाच्या कामात त्यांचा वाटा घेते. बौद्ध समाजात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाच्या 'बहुजन हिताय' या सामाजिक शाखेने महाराष्ट्रात अनेक वसतिगृहे चालवली.

आजची सरकारी व्यवस्था समजून घेऊ. पहिला हक्क समाजकल्याण विभागाच्या मागासवर्गीय मुला-मुलींच्या शासकीय वसतिगृहावर. तिथे राहणे, जेवण मोफत असते. पण जागा मोजक्या आणि अर्ज जास्त. ज्यांना तिथे प्रवेश मिळत नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि विद्यार्थी शिकतो त्या ठिकाणचा स्थानिक रहिवासी नसावा. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजार, इतर महापालिका क्षेत्रांत 51 हजार, तर जिल्ह्याच्या इतर ठिकाणी 43 हजार रुपये मिळतात. सुरुवातीला तालुक्याचे गाव यात नव्हते. पुढे व्याप्ती तालुक्यापर्यंत वाढली आणि तिथे 38 हजारांचा दर ठरला. शिरूर-दौंडला शिकणाऱ्यांसाठी हा बदल महत्त्वाचा आहे. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहे, ही माहिती शेजारच्या घरातही सांगावी.

आता 38 हजारांचे गणित मांडू. त्यात भोजनाचे 23 हजार, निवासाचे 10 हजार आणि निर्वाहाचे 5 हजार. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर खोलीला महिन्याला हजार रुपये आणि जेवणाला 2,300, म्हणजे दिवसाला साधारण 76 रुपये. दोन वेळचे जेवण आणि नाश्ता त्यात बसवायचा. पुण्यात निवासाचे 20 हजार धरले तरी महिन्याला दोन हजारच होतात. कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणालाही विचारा, तेवढ्यात बरी जागा मिळणे कठीण आहे. शिवाय ही रक्कम आधी मिळत नाही. खोलीमालकाला जूनमध्ये अनामत हवी असते आणि योजनेचा हप्ता महिनोन् महिने रखडतो, कधी वर्ष संपल्यावर येतो. मधले महिने बाप उसनवारी करतो. आमच्या मते योजनेचा खरा दोष इथे आहे. रक्कम कमी असणे एक वेळ सहन होते, पण ती केव्हा येईल हे माहीत नसेल तर कोणताही मालक विद्यार्थ्याला उधारीवर ठेवत नाही.

म्हणूनच समाजाने चालवलेल्या छोट्या वसतिगृहांची गरज संपलेली नाही. तीस मुलींचे वसतिगृह तालुक्याच्या ठिकाणी उभे करणे अवाक्याबाहेरचे नाही. ते दहा वर्षे चालवणे अवघड आहे. उद्घाटनाला गर्दी होते, कोनशिलेवर नावे येतात आणि तिसऱ्या वर्षी पाण्याचा टँकर आणि विजेचे बिल संस्थेला खाली बसवतात. पर्यावरणाची भाषा आपल्याकडे श्रीमंतांची चैन समजली जाते. गरिबांच्या वसतिगृहात मात्र ती थेट मासिक खर्चाची भाषा आहे.

पाणी घ्या. माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण धरले तर तीस जणींना रोज 4,050 लिटर लागते. दहा हजार लिटरचा टँकर अडीच दिवसांत संपतो. छतावरचे पावसाचे पाणी साठवा, असे सगळे सांगतात. या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोनशे चौरस मीटर छतावरून गळती-बाष्पीभवन वजा जाता सुमारे 80 हजार लिटर मिळतील, म्हणजे वीस दिवसांचे पाणी. तेवढ्यासाठी मोठी टाकी बांधण्यापेक्षा ते पाणी गाळून बोअरमध्ये सोडलेले बरे. (पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवीन बांधकाम करताना पर्जन्यजल संधारण राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार बंधनकारकच आहे.) खरी बचत सांडपाण्यात आहे. 135 लिटरपैकी आंघोळ आणि कपडे धुणे यांतच सुमारे 75 लिटर जातात आणि संडासात 30 लिटर. आंघोळीचे पाणी वाळू-खडीच्या साध्या गाळणीतून संडासाच्या टाकीकडे वळवले तर रोज 900 लिटर वाचतात. बांधकामाच्या वेळीच वेगळा पाइप टाकला तर खर्च किरकोळ असतो. नंतर फरशी फोडावी लागते, आणि मग ते कधीच होत नाही. मुळा-मुठेचे मैले पाणी पोटात घेऊन भीमा दौंडकडे येते. त्या नदीकाठच्या वसतिगृहाने आपले सांडपाणी तरी जागेवर जिरवावे, अशी आमची अपेक्षा आहे.

वीज घ्या. हिवाळ्यात प्रत्येकीला पंधरा लिटर गरम पाणी द्यायचे आणि तापमान 25 अंशांनी वाढवायचे, तर तीस जणींसाठी रोज साधारण 13 युनिट लागतात. महिन्याला 390 युनिट नुसत्या आंघोळीला. पाचशे लिटरचा सौर बंब हा खर्च बहुतांशी मिटवतो. दुसरी गोष्ट मीटरची. महावितरणच्या दरपत्रकात विद्यार्थी वसतिगृहे निवासी वर्गात मोडतात. तरीही जागा आधी दुकानाची किंवा कार्यालयाची असेल तर व्यापारी मीटर तसाच चालू राहतो आणि संस्था वर्षानुवर्षे जादा दर भरते. तो बदलून घ्यावा. निवासी दरही टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे तीस जणींचा वापर एकाच मीटरवर असेल तर वरच्या टप्प्याचा दर लागतो. छतावर सौर पॅनेल बसवण्याचे हे सर्वांत व्यावहारिक कारण. उरलेल्या अन्नावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केले. तीस जणींच्या स्वयंपाकघरात त्याने सिलिंडर बंद होत नाही, पण कमी लागतात.

पैसा कुठून आणायचा? देणगी आणि धम्मदान आहेच. पण रांजणगाव आणि कुरकुंभच्या मोठ्या कंपन्यांवर कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन आहे. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. या कामांच्या सातव्या अनुसूचीत महिलांसाठी वसतिगृहे उभारणे हे शब्द स्पष्टपणे आहेत. आपल्या संस्था निवेदन घेऊन जातात आणि हार घालून परत येतात, कारण कागद तयार नसतात. सार्वजनिक न्यासाची नोंदणी, प्राप्तिकराची 12-अ व 80-जी प्रमाणपत्रे आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 अर्जाने मिळणारा नोंदणी क्रमांक, एवढे असल्याशिवाय कंपनीचा अधिकारी पुढे बोलूच शकत नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सोबत ठेवा. हिशेब नसलेल्या संस्थेने कंपनीला जातीयवादी म्हणणे आम्हाला पटत नाही.

काही जण विचारतात, गावोगावची विहारे रिकामी असतात, तिथेच मुलांना का ठेवू नये? अभ्यासिका म्हणून जरूर द्या. दिवे, पंखे, पाणी आणि रात्री दहापर्यंत उघडे दार एवढे पुरते. मुक्कामाची सोय मात्र संडास-न्हाणी, आगीपासून सुरक्षितता आणि मुलींसाठी राहती अधीक्षिका यांशिवाय करू नये. अनेक समाजमंदिरांची जागा ग्रामपंचायतीची असते, त्यामुळे ठराव आणि परवानगीही लागते.

घरगुती पेइंग गेस्ट किंवा खासगी होस्टेल चालवणाऱ्या समाजबांधवांसाठी एक माहिती. जून 2024 च्या जीएसटी परिषदेने, महिन्याला माणशी 20 हजारांपर्यंत भाडे असेल आणि मुक्काम सलग किमान 90 दिवसांचा असेल, तर निवाससेवेला करमाफी देण्याची शिफारस केली आणि ती लागू झाली. विद्यार्थ्याच्या भाड्यावर जीएसटी लावल्याची पावती कोणी देत असेल तर हे दाखवावे.

स्वाधार आणि शासकीय वसतिगृहाचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. जातीचे प्रमाणपत्र, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, गुणपत्रिका, कॉलेजचे बोनाफाईड आणि भाड्याने राहत असल्याचा पुरावा तयार ठेवावा. गुणांची व हजेरीची अट त्या वर्षीच्या सूचनेत पाहावी. खोलीमालकाकडून भाडेकरार पहिल्याच महिन्यात लिहून घ्यावा, नंतर तो द्यायला कोणी तयार होत नाही. अर्ज त्रुटीत निघाला तर पुणे जिल्ह्याचे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचे कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. तिथे जाताना अर्जाची छापील प्रत न्यावी आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.