ग्रँट रोड नाट्यगृह

मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील एक प्रमुख नाट्यगृह. ‘नाना शंकरशेट यांची नाटकशाळा’ या नावानेही ते ओळखले जाई. मराठी, गुजराती व हिंदी रंगभूमींच्या प्रारंभकाळाशी त्याचा निकटचा संबंध आहे. मात्र ते बांधले गेले ते मुख्यतः इंग्रज प्रेक्षकांसाठी.

मुंबईच्या कोटातील मैदानावर १७७६ मध्ये वर्गणीतून उभारलेले ‘बाँबे थिएटर’ कर्जबाजारी होऊन १८३५ मध्ये विकले गेले. जमशेटजी जीजीभाई यांनी ते विकत घेतले. कर्ज फेडून उरलेल्या रकमेतून नवे नाट्यगृह बांधावे, अशी मागणी पुढे करण्यात आली. परंतु प्रश्न जागेचा होता. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–६५) यांनी ग्रँट रोडवरील आपली जमीन त्यासाठी दिली आणि १८४६ मध्ये नाट्यगृह सुरू झाले.

ही जागाच त्याच्या भवितव्यास निर्णायक ठरली. कोटात व त्याच्या आसपास राहणाऱ्या यूरोपीय कुटुंबांना रात्री एवढ्या दूर येणे गैरसोयीचे वाटे. हौशी नट व अधूनमधून येणाऱ्या परदेशी कलावंतांच्या बळावर खेळ नियमितपणे चालणेही कठीण होते. याउलट गिरगाव, भुलेश्वर इ. एतद्देशीय वस्त्यांना ते जवळ पडे. कोटातील रसिकांनी दूर लोटलेली वास्तू अशा रीतीने देशी नाटक मंडळ्यांच्या हाती आली.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक सादर केले होते. आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन यांच्या निधनानंतर (१८५१) त्यांना दौऱ्यांवर विसंबावे लागले. १८५३ मध्ये त्यांच्या मंडळीने या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. राजवाड्यातील वा वाड्याच्या चौकातील निमंत्रितांऐवजी पैसे मोजून आलेला, अनोळखी व मिश्र प्रेक्षक मराठी नाटकास येथे लाभला. नाटक हा व्यवसाय होऊ शकतो, हे दाखविणारी ही घटना असून तिचे महत्त्व एखाद्या गाजलेल्या संहितेपेक्षा कमी नाही. त्याच वर्षी भावे यांनी येथे राजा गोपीचंद हे हिंदी नाटक सादर केले, तर पारशी नाटक मंडळीने रुस्तुम व सोहराब यांच्या कथेवरील खेळ केला. सूत्रधाराच्या गायनावर आधारलेल्या मराठी खेळांना येथे पाश्चात्त्य पद्धतीच्या रंगमंचाचा परिचय झाला.

देशी नाटकांच्या या यशातच नाट्यगृहाच्या ऱ्हासाचे बीज होते. प्रेक्षक वाढले, तशा पारशी मंडळ्या स्वतःची नाट्यगृहे बांधू लागल्या. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया नाटक मंडळीसाठी १८७० मध्ये ग्रँट रोडवरच व्हिक्टोरिया नाट्यगृह उभे राहिले. बोरीबंदरजवळ गेइटी (१८७९) व पाठोपाठ नॉव्हेल्टी (१८८७) ही नाट्यगृहे निघाल्यावर उच्चभ्रू प्रेक्षक पुन्हा कोटाकडे वळला. ज्या एकमेव वास्तूवाचून नाटकाचे पूर्वी अडत असे, ती आता अनेकांपैकी एक, आणि त्यांतही जुनी, ठरली.

हे नाट्यगृह आज अस्तित्वात नाही. शेजारच्या नाटकवस्तीतील इतर वास्तूंनाही विसाव्या शतकात चित्रपटाने गाठले. रिपन नाट्यगृहाचे ॲल्फ्रेड चित्रपटगृह झाले. या परिसरास लोक ‘पिला हाउस’ म्हणतात. ‘प्लेहाउस’ या इंग्रजी शब्दाचे ते बोलीतील रूप आहे.